बालकांमधील गिळण्याच्या अडचणींचे मूल्यमापन
दूध वा अन्न श्वासनलिकेत न जाता जठरापर्यंत पोहोचते की नाही, हे या मूल्यमापनात पाहिले जाते. सेरेब्रल पाल्सी, अकाली जन्म व दुभंगलेली टाळू ही अडचणींची प्रमुख कारणे होत. वाचा उपचारतज्ज्ञ मूल खात असताना ओठ-जिभेची हालचाल, श्वास व आवाजातील बदल तपासतात. मात्र अन्न श्वासनलिकेत जाऊनही काही मुलांना खोकला येत नाही. तेव्हा बेरियम मिसळलेल्या अन्नाचे क्ष-किरण चित्रीकरण करावे लागते.

श्रीगोंद्यासारख्या (अहिल्यानगर जिल्हा) तालुक्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके अंगणवाड्यांत मुले तपासतात. कार्यक्रमाच्या मूळ ३० विकारांच्या यादीत दुभंगलेली टाळू आहे, गिळण्याची अडचण स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे वारंवार होणारा न्यूमोनिया, न वाढणारे वजन आणि अर्ध्या तासाहून लांबणारे जेवण या खुणांना येथे विशेष महत्त्व येते.