अल्झायमर : स्मृती ज्या क्रमाने मालवते

सीताबर्डीवरील आमच्या चिकित्सालयात एक वयोवृद्ध गृहस्थ मुलासह आले. दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला पायी जाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. त्या आठवड्यात मात्र परतीची वाट सापडली नव्हती. स्वतःच्या लग्नाची हकीकत त्यांनी तपशीलवार सांगितली. सकाळी काय खाल्ले, ते सांगता आले नाही. ‘यांना बुद्धिवर्धक काही द्या,’ एवढीच मुलाची मागणी होती.

ही विसंगती व्याधीचे स्वरूपच दर्शविते. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये प्रथम मांडलेल्या या विकारात मेंदूत अमायलॉइड व टाऊ या प्रथिनांचा विकृत संचय होऊन चेतापेशी नष्ट होतात. नव्या स्मृती घडविणारा हिप्पोकॅम्पस प्रारंभीच बाधित होतो. म्हणून ताजे आधी विसरते, जुने दीर्घकाळ टिकते. पुढे हिशेब चुकतात, शब्द सुचत नाहीत. मध्यम अवस्थेत स्थलकालाचे भान सुटते, संशय बळावतो, सायंकाळी अस्वस्थता वाढते. अखेरीस वाणी, चालणे आणि गिळणेही क्षीण होते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. असे रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडेच येतात.

चरकोक्त मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने आपण श्रद्धेने योजतो. परंतु नष्ट झालेल्या चेतापेशी त्यांनी परत येतात, असे सिद्ध झालेले नाही. तसे आश्वासन देणे म्हणजे कुटुंबाचा मोलाचा काळ हिरावणे होय. थायरॉइडची न्यूनता, जीवनसत्त्व बी-१२ चा अभाव, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विस्मरण होते व ते बहुधा उपचारसाध्य असते. म्हणून तपासणी आधी, रसायन नंतर. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

औषधविक्रेत्या बंधूंनीही अवधान ठेवावे. नेहमीचे वृद्ध ग्राहक आठवड्यात दोनदा तेच औषध मागू लागले, सुट्या पैशांत गोंधळू लागले, तर घरच्यांना हलकेच सुचवावे.

त्या गृहस्थांना आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले; निदान अल्झायमरचेच झाले. आता मंगळवारी मुलगा सोबत जातो, आणि वडिलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असते.