वंशावळ आणि अभिलेख : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील पिढ्यांच्या पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. ब्रिटिश अमदानीत हा सर्व प्रदेश चांदा जिल्हा या नावाने ओळखला जाई. त्याचा इतिहास मुख्यतः गोंड राजघराण्याच्या अंगाने लिहिला गेला. सामान्य कुटुंबांच्या पिढ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वनहक्क अधिनियम, २००६ मुळे मात्र हा विषय केवळ इतिहासाच्या आवडीचा राहिलेला नाही. या कायद्यानुसार जे अनुसूचित जमातीचे नाहीत, अशा ढिवर, गोवारी, कुणबी आदी वननिवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. पिढी २५ वर्षांची धरली असल्याने हा काळ ७५ वर्षांचा, म्हणजे १९३० पर्यंत मागे जाणारा होतो. आदिवासी दावेदारास ही अट नाही. परंतु जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना त्यालाही १९५० पूर्वीच्या पूर्वजांच्या नोंदी शोधाव्या लागतात. त्यामुळे ‘आजोबा कोण होते’ या घरगुती प्रश्नावर आता जमिनीचा तुकडा, शिष्यवृत्ती किंवा नोकरी अवलंबून असते.

राजवंशाच्या यादीतून दिसणारी गोष्ट

वंशावळ कितपत विश्वसनीय असते, याचे उत्तम उदाहरण चांद्याच्या राजघराण्याचेच आहे. मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या बंदोबस्त अहवालातून रूढ झालेल्या यादीत इ. स. ८७० ते १७५१ या काळात एकोणीस राज्यकाल दाखविले जातात. म्हणजे सरासरी एका राज्यकालाच्या वाट्याला सेहेचाळीस वर्षे येतात, जे सहज पटण्यासारखे नाही. या यादीत बाबाजी बल्लाळशहाची कारकीर्द १४४२ ते १५२२ अशी तब्बल ऐंशी वर्षांची दिली आहे. परंतु अकबराच्या काळी, १५९० च्या दशकात सिद्ध झालेल्या ‘आईन-इ-अकबरी’त हाच बाबाजी चांद्याचा विद्यमान गोंड जमीनदार म्हणून येतो, त्याच्याजवळ १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याचे तेथे नमूद आहे. याचा अर्थ परंपरेने नाव अचूक जपले, पण वर्षे मात्र पाऊण शतकाने चुकली. मौखिक वंशावळीत नावे व नाती टिकतात, कालगणना टिकत नाही. ती बाहेरच्या एखाद्या लेखी नोंदीशी जुळवूनच निश्चित करावी लागते. राजाला जे लागू पडते तेच शेतकऱ्यालाही.

परधान आणि कोतवाल

गोंड समाजात वंशपरंपरा जपण्याचे काम परधानांकडे असे. आपल्या यजमान गोंड कुळाची उत्पत्ती, त्याची देवसंख्या व पूर्वजांची कथा परधान तंतुवाद्याच्या साथीने सांगत. चार, पाच, सहा व सात देवांच्या विभागणीवर सोयरीक ठरत असल्याने ही स्मृती निव्वळ मनोरंजनाची नव्हती; ती चुकली तर विवाहसंबंधच अडत. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी शेजारच्या आदिलाबादमधील राजगोंडांच्या अभ्यासात (१९४८) या परंपरेची विस्ताराने दखल घेतली आहे. मात्र परधान कुळाचा इतिहास सांगतो. गट क्रमांक अमुकमध्ये १९३० साली कोण वहिवाटत होते, हे सांगणे त्याच्या गायनाचे प्रयोजनच नाही.

ती उणीव काही अंशी कोतवाल बुक भरून काढते. मध्य प्रांतात गावातील जन्म-मृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर देण्याचे काम कोतवालाचे होते आणि ते पुष्कळदा महार समाजातील व्यक्तीकडे असे. आज गोंड किंवा ढिवर कुटुंबाची जात सिद्ध करणारा कागद एखाद्या महार कोतवालाने दिलेल्या वर्दीवर उभा असतो, ही बाब समाजशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, जात व ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आढळते. अपत्याचे नाव नसते. आडनावही बहुधा नसते. त्यात सोमा, मंगरू, बुधू, शुक्रू अशी वारांवरून ठेवलेली नावे एकाच गावात अनेकांची असतात. कार्यालयात नोंद सापडूनही ‘हा मंगरू तोच कशावरून?’ असा प्रश्न उरतो. येथे वंशावळच उपयोगी पडते, कारण मंगरूचा बाप, भाऊ व सोयरे तीच सांगू शकते.

बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख, निस्तारपत्रक व शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे अन्य आधार होत. परंतु अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदारीतील जंगलपट्ट्यात अशा नोंदी विरळ आहेत. माडियांच्या पेंडा शेतीत लागवडीची जागा बदलत असे, कधी वस्तीही हलत असे. त्यामुळे एकाच कुटुंबाच्या पिढ्या वेगवेगळ्या गावांच्या नावावर विखुरतात.

नियमांतील तरतूद

वनहक्क नियम, २००८ मधील नियम १३ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गॅझेटियर, जनगणना व बंदोबस्त अहवालांच्या बरोबरीने तेथे जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने, पूर्वीच्या भूअभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन यांना पुरावा मानले आहे. मृतांच्या स्मरणार्थ माडियांनी उभारलेले दगडही त्यामुळे विचारात घेता येतात. एकापेक्षा अधिक पुरावे पाहावेत असे नियम सांगतो, तर विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. तरीही व्यवहारात कागदाकडेच कल राहतो, हे मान्य करावे लागेल.

वडीलधाऱ्यांचे निवेदन दावेदाराव्यतिरिक्त अन्य व्यक्तीचे असावे, अशी अट आहे. ते घेताना नुसते ‘पूर्वीपासून राहतात’ असे लिहून भागत नाही. नाव, बापाचे नाव, कोणत्या गावाहून आले, शेजारी कोण होते आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली तेव्हा कोण कर्ते होते, असे तपशील विचारले, तर ते कोतवाल बुकातील मोघम ओळीशी ताडून पाहता येतात. १९५१ चा हा प्रसंग ज्यांनी स्वतः पाहिला, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत.