एपिडॉरसचे बोलके दगड

आजाऱ्याने देवळात जाऊन झोपावे आणि सकाळी बरे होऊन उठावे, असे कोणी सांगितले तर तुम्हांला पटेल काय? सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमधले लोक हीच आशा धरून दूरदूरहून एपिडॉरसला येत असत.

ग्रीसच्या दक्षिणेस पेलोपोनीस द्वीपकल्प आहे. तेथील एका शांत खोऱ्यात ॲस्क्लीपिअस या आरोग्यदेवतेच्या तीर्थाचे अवशेष पाहावयास मिळतात. तेथे गेलात, तर ५५ रांगांचे भव्य दगडी नाट्यगृह तुमचे लक्ष वेधून घेईल. जवळच देवळाची, स्नानगृहांची व एका लांब ओसरीची जोती दिसतील. स्नान आणि पूजा करून रोगी या ओसरीत रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन उपचार करतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

या स्थळाचे उत्खनन पानायोटिस काव्वाडिआस यांनी १८८१ साली सुरू केले. त्यात सापडलेल्या शिलांवर रोगी बरे झाल्याच्या सुमारे ७० हकिकती कोरलेल्या आहेत. त्यांतली एक युफानीस नावाच्या मुलाची आहे. त्याला मुतखडा झाला होता. देवाने स्वप्नात विचारले, "तुला बरे केले तर काय देशील?" मुलगा म्हणाला, "माझे खेळायचे दहा फासे!" देव हसला आणि सकाळी मुलगा बरा होऊन बाहेर पडला.

गोष्ट गोड आहे. पण पुरावा म्हणून ती पुरेशी आहे का? लहान मुतखडा पुष्कळदा लघवीवाटे आपोआप पडून जातो. विश्रांतीने व काळ गेल्यानेही कित्येक आजार बरे होतात. शिवाय जे बरे झाले नाहीत, त्यांच्या हकिकती त्या शिलांवर कोण कोरणार? पॉसेनिअस हा ग्रीक प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात येथे आला होता. तीर्थाच्या आवारात कोणाचाही मृत्यू होऊ द्यायचा नाही, असा येथला नियम त्याने नोंदवून ठेवला आहे. म्हणजे मरणोन्मुख रोग्याला आवाराबाहेर नेत असले पाहिजेत!

आता दुसरी बाजू पाहा. याच ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी 'साथीचे रोग' या ग्रंथाच्या पहिल्या व तिसऱ्या भागांत ४२ रोग्यांची हकिकत लिहून ठेवली. ताप केव्हा चढला, झोप लागली की नाही, लघवी कशी होती, हे सारे त्यांनी दिवसवार टिपले. त्या ४२ जणांपैकी २५ जण दगावले, आणि तेही त्यांनी लपविले नाही. उपचार फारसे हाती नसतानाही ही प्रामाणिक नोंद पुढच्या वैद्यांच्या उपयोगी पडली.

म्हणून, 'या औषधाने शंभर जण बरे झाले' असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न अवश्य विचारा. औषध एकूण किती जणांनी घेतले? आणि ते न घेणाऱ्यांपैकी किती बरे झाले? एपिडॉरसच्या दगडांवर या प्रश्नांची उत्तरे नाहीत.