तलवार आणि वारा: मालवण ते वोल्गोग्राद

मालवणच्या राजकोटावर गेलात की शिवरायांच्या तलवारीकडे जरा जास्त वेळ बघा. इथला आधीचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला पावसावाऱ्यात कोसळला. मे २०२५ मध्ये तिथेच ६० फुटी ब्राँझचा नवा पुतळा उभा राहिला.

वाऱ्याने रशियालाही धडा शिकवला होता. वोल्गोग्राद, म्हणजे जुनं स्टालिनग्राद. तिथल्या मामायेव टेकडीवर १९६७ मध्ये ‘मातृभूमी साद घालते’ हे युद्धस्मारक उभं राहिलं. उंची ८५ मीटर, त्यात नुसती तलवार ३३ मीटर! शिल्पकार वुचेटिच, अभियंता निकितिन. तलवारीवर टायटॅनियमचे पत्रे होते. वारा सुटला की ते खडखडायचे. १९७२ मध्ये तलवार बदलली आणि वारा पार व्हावा म्हणून टोकाला भोकं ठेवली.

याच स्टालिनग्रादच्या लढाईवर आपल्या अण्णा भाऊ साठेंनी पोवाडा रचला. आणि रशियातला लाल बावटा आपल्याकडेही होता: मुंबईच्या गिरण्यांत आपले कोकणी चाकरमानी १९२८ मध्ये त्याच बावट्याखाली सहा महिने संपावर होते.

गंमत बघा: हा बावटा ज्याच्या विचारांचा, त्या मार्क्सची अपेक्षा होती, क्रांती आधी कारखानदारीत पुढे गेलेल्या देशांत होईल. झाली ती शेतकऱ्यांच्या रशियात. श्रीमंत देशांतल्या कामगाराला मत, संघटना, पेन्शन मिळालं. तिथे आता क्रांती होईल असं मला तरी वाटत नाही.

यंदा गणपतीला गावी आलात की घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गिरणीत कोण होतं? सांगतील ते लिहून ठेवा. आठवणींची ही स्मारकं वाऱ्याने पडत नाहीत.