‘आज घरी भाकऱ्या कोण थापणार?’

पौडला तहसील कचेरीच्या जवळ चहाची एक टपरी आहे. बँकेतून निवृत्त होऊन मुळशीत राहायला आल्यापासून सातबाऱ्याच्या नकलेसाठी नाही तर आणखी कशासाठी कचेरीत खेटे घालावेच लागतात. साहेब जेवायला गेले, की ही टपरी म्हणजे माझी हक्काची जागा.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी रस्त्यानं तीस-चाळीस बायका आल्या. डोक्यावर, कमरेवर रिकामे हंडे आणि कळशा. घोषणा द्यायची सवय नसावी. एक जण ‘पाणी द्या’ म्हणायची आणि बाकीच्या एकमेकींकडे पाहून हसत तिच्या मागून म्हणायच्या. मुळशीचं धरण उशाशी आणि हंडे कोरडे!

टपरीवरचा एक जण म्हणाला, “आज घरी भाकऱ्या कोण थापणार?” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “कुणीतरी चावी दिल्याबिगर बाया येत न्हाईत. निवडणूक आलीय ना जवळ.” तिसरे गृहस्थ जरा शिकलेले होते. ते म्हणाले, “मागणी बरोबर आहे हो, पण रीतसर अर्ज द्यावा. रस्त्यावर कशाला यायचं?”

मी हसलो नाही. पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. ही तीनही वाक्यं मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकली होती, साधारण याच क्रमानं. आणि तेव्हा मी हसण्यापेक्षाही वाईट काहीतरी केलं होतं.

आमचं मूळ गाव मुळशी पेट्यातलं. आता ते पाण्याखाली आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथंच. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही इथलीच. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ती सांगायची, “बाप्ये बसले, तशा बायाबी बसल्या. पोरं कडेवर घिऊन बसल्या.” तिला सर्वांत जास्त आठवत होता तो एका नातलगानं तिच्या आईला दिलेला दम : “पुण्याची माणसं तुम्हाला फितवत्यात, तुमच्या मागं तुमच्या चुली कोन बघनार?” चुलीच पाण्यात जाणार होत्या, त्यांची काळजी! सत्याग्रह तीन वर्षांहून अधिक चालला आणि शेवटी हरला. धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागलं, मुंबईला वीज मिळाली आणि त्याच मुंबईत आमचे आजोबा गिरणीत लागले.

म्हणून माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. १९७२ साली पावसानं दगा दिला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. त्या दिवसांतली मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली असेल त्यांना ती विसरता यायची नाही. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी थापताना मोडायची आणि चावताना मोडायची नाही. साखर, गोडं तेल, रॉकेल सगळ्याला रांग. आई पहाटे उठून रेशनच्या दुकानापुढे पिशवी ठेवून यायची आणि मग चार-चार तास उभी राहायची.

त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधी महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी ही नावं आमच्या मजल्यावरच्या बायका घरच्या माणसासारखी घेऊ लागल्या. ठरलेल्या वेळी खिडकीत उभं राहून थाळी वाजवायची. संध्याकाळी एका चाळीतून सुरू झालेला तो आवाज दुसऱ्या चाळीत जायचा. आम्हा पोरांना ती गंमत वाटायची. आम्हीही चमचे घेऊन धावायचो.

मग लाटणं मोर्चा आला. लाटणं म्हणजे तोवर थट्टेचा विषय. दिवाळी अंकातल्या चित्रांत नवरा रात्री उशिरा घरी येतो आणि दारामागे बायको लाटणं उगारून उभी असते. सगळा महाराष्ट्र त्यावर हसायचा. तेच लाटणं हातात घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. लाटायला घरात पीठ नाही, हे सांगायला याहून सोपी खूण कुठली?

आमच्या भागातल्या बायका मुख्य मोर्च्याला मिळायला निघाल्या, तेव्हा मी वर्गातल्या तीन-चार मुलांबरोबर फुटपाथवर उभा होतो. बघ्यांची गर्दी होती. ‘आज घरी पोळ्या कोण लाटणार?’ असं एक जण ओरडला आणि हशा पिकला. ‘पुढाऱ्यांनी नादी लावलंय’ असं दुसरा म्हणाला. जवळच उभे असलेले आमच्या शेजारचे काका पुटपुटले, “निवेदन द्यावं की. भल्या घरच्या बायकांनी हे काय!” तेवढ्यात आई दिसली. तिसऱ्या-चौथ्या ओळीत होती. पदर खोचलेला, हातात आमचं लाटणं, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी. माझ्या मित्रानं विचारलं, “ए, ती तुझी आई ना रे?”

मी म्हणालो, “नाही.”

तिनं ते ऐकलं नसणार, एवढ्या गलक्यात शक्यच नव्हतं. पण तिनं आमच्याकडे पाहिलं होतं हे मला पक्कं आठवतं.

तिच्या हयातीत मी हे तिला कधी सांगितलं नाही. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बायकांच्या दुःखाची पानंच्या पानं भरली, परीक्षणांत कौतुक झालं. पण हा दोन अक्षरी शब्द कुठल्याही पानावर उतरवायचं धाडस झालं नाही. आज तो लिहितो आहे.

त्या तीन वाक्यांचा हिशोब मात्र मी पुढे अनेकदा मांडून पाहिला. माणूस बँकेतला असल्यावर दुसरं काय करणार?

पहिलं वाक्य, भाकऱ्या कोण थापणार? आई रेशनच्या रांगेत चार तास उभी असायची, तेव्हा हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही. मुळशीत आवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात वाकलेल्या असतात, तेव्हाही कुणी विचारत नाही. बाई कामासाठी घराबाहेर असली तर चुलीची आठवण होत नाही. ती स्वतःचं म्हणणं मांडायला बाहेर पडली, की लगेच होते. म्हणजे हा प्रश्न भाकरीचा नाहीच.

या प्रश्नाचं एक उत्तर आइसलँडच्या बायकांनी दिलं. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी घरातलं आणि बाहेरचं सगळं काम एक दिवस बंद ठेवलं. पुरुषांनी पोरं कचेरीत नेली. झटपट शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले. त्या देशातले पुरुष आजही त्या दिवसाला ‘लांबलचक शुक्रवार’ म्हणतात! पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, विग्दिस फिन्बोगादोत्तिर या बाई तिथं लोकांच्या थेट मतांवर राष्ट्राध्यक्ष झाल्या. मतदानानं निवडून आलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. योगायोग असा, की त्याच ऑक्टोबर महिन्यात, आणीबाणी चालू असताना, आपल्या पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती परिषद भरली होती.

दुसरं वाक्य, कुणीतरी चावी दिली. आता महागाईविरोधी समितीत कोण होतं? मृणालताई आणि प्रमिलाताई समाजवादी, अहिल्याताई मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. या पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसायचे तर आधी महिनाभर वाटाघाटी. या बायका तेलाच्या आणि रॉकेलच्या भावावर एकत्र आल्या. चावी असेलच तर ती रिकाम्या डब्यानं दिली होती. पुढे आणीबाणीत यातल्या कित्येक जणी तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा नाक्यानाक्यावर ऐकू आली. १९७२ साली फुटपाथवर हसणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा ती घोषणा देत होते. लोकांचं हसू असं बाजू बदलतं, हेही पाहायला मिळालं.

तिसरं वाक्य सर्वांत सभ्य, म्हणून सर्वांत अवघड. रीतसर अर्ज द्यावा. मी पस्तीस वर्षं अर्जांवर शेरे मारले आहेत, अर्जाची थोरवी मला कुणी सांगू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात सेवासदनच्या रमाबाई रानडे यांनी मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून चळवळ केली, तेव्हा उत्तर मिळत होतं की पैसा अपुरा आहे, आधी मुलांचं पाहू. शेवटी त्या बायकांनाही पुण्याच्या रस्त्यावर मिरवणूक काढावी लागली.

आणि १९८० चं उदाहरण तर माझ्या डोळ्यांसमोरचं. चंद्रपूरकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, हे त्यातलं एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. अर्जच तो, अगदी रीतसर. पण ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा शहरांत बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्या पत्राला आवाज मिळाला. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध घडल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाईनं सांगितलं, तर न्यायालय तिचं म्हणणं धरून चालेल, अशी तरतूद आली.

मी तेव्हा बँकेत नवा होतो. मोर्च्यासाठी रजेचा अर्ज घेऊन एक सहकारी बाई आल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या असतात का?” खोलीत कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. त्यांनी अर्ज ठेवला आणि त्या गेल्या. आज वाटतं, फुटपाथवरच्या माझ्या ‘नाही’चाच तो मोठा झालेला भाऊ होता.

असो. लाटणं मोर्च्याच्या त्या संध्याकाळी आई दिवेलागणीनंतर परतली. पाय सुजले होते, आवाज बसला होता. वडिलांची रातपाळी होती. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. पातेलं पुढे सरकवलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भात केला होता आणि तो खाली चांगलाच लागला होता. आईनं तो मुकाट्यानं खाल्ला. मग लाटणं धुवायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे आपलं नाहीच. वाटेत कुठं बसल्या असताना अदलाबदल झाली असणार. आमचं बारीक होतं, हे जाड आणि जड. “कुणाचं असेल बाई!” एवढंच ती म्हणाली आणि त्याच लाटण्यावर तिनं पुढची तीस वर्षं पोळ्या लाटल्या.

त्या दिवशी पौडच्या टपरीवर मला हे सगळं आठवलं. चहा निवला होता. भाकऱ्यांबद्दल बोलणाऱ्या माणसाला मी म्हणालो, “माझी आई होती लाटणं मोर्च्यात. बहात्तर साली, मुंबईत.” हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणत होतो. सगळे गप्प झाले. मग त्यानंच जरा ओशाळून विचारलं, “मंग त्या दिशी तुमच्या घरी काय जेवला?”

“भात,” मी म्हणालो. “वडिलांनी केला होता. करपला होता जरा.”

तो पुन्हा हसला, पण आता निराळं. पैसे देऊन उठला, टपरीवाल्याकडून पाण्याची कळशी भरून घेतली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांकडे निघाला. कळशी एकच होती आणि बायका चाळीस. दुसऱ्या खेपेला मी गेलो.