घडीची सायकल घेतली, तिचं काय झालं?

मागच्या भागाच्या शेवटी मी बोलून गेले होते की मी फोल्डिंग सायकल घेतली आहे, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज त्याच एका वाक्यावर आले. "केवढ्याला?", "चालते का?", "एसटीत घेऊ देतात का?" आणि एकाचा, "ताई, ती लहान मुलांची असते ना?" तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना जे इकडेतिकडे गेलं ते थोडं आवरलंय, सगळं नाही.

आधी माझी अडचण सांगते, कारण ती कळल्याशिवाय ही खरेदी वेडेपणाची वाटेल. आमचं गाव अवसरी खुर्द, तालुका आंबेगाव. गावातल्याच शासकीय तंत्रनिकेतनातून मी डिप्लोमा केला आणि चाकणच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागले. घरापासून मंचर स्टँड पाचेक किलोमीटर. मंचरहून चाकणला पुणे-नाशिक रस्त्याने एसटी, तीसेक किलोमीटर. आणि चाकणच्या तळेगाव चौकात उतरलं की कंपनीपर्यंत अजून चार. एसटीचं काही वाटत नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तो प्रवास परवडतो. मारतात ती ही दोन्ही टोकं. सकाळी मंचरला जाणारी शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि चाकणच्या चौकात रिक्षा मिळाली तरी ट्रॅफिकमध्ये हलत नाही. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा सुपरवायझर सरांनी शांतपणे सांगितलं, पुढच्या वेळी हजेरी लागणार नाही. हजेरी नाही म्हणजे त्या दिवसाचं स्टायपेंड नाही, आणि अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट हजेरीवर असतं.

पैशांचं बघा. मंचरपर्यंत 20, चाकणात 30, जाऊन-येऊन रोजचे 100. महिन्याचे 25 दिवस धरले तर 2,500 रुपये. घरात गाडी एकच, बाबांची, आणि ती पहाटे डेअरीला दूध घालायला जाते. नवीन स्कूटी म्हणजे हप्ते, आणि पेट्रोल वेगळं.

आता इथे नीट ऐका, कारण घडीची सायकल घ्यावी की नाही हे यावरच ठरतं. तुमची अडचण एकाच टोकाला असेल तर घडीची सायकल घेऊ नका. साधी सेकंडहँड घ्या, स्टँडजवळ ओळखीच्या दुकानापुढे कुलूप लावून ठेवा, झालं. आमच्या गावात इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं होस्टेलवर राहतात, त्यातल्या दोघांनी मला विचारलं, त्यांना मी हेच सांगितलं. तितक्याच पैशात साधी सायकल जास्त चांगली मिळते, हलकी चालते आणि बिघडायला तिच्यात कमी गोष्टी असतात. घडीच्या सायकलचा फायदा ती आपल्याबरोबर बसमध्ये चढते एवढाच. अडचण दोन्ही टोकांना असेल तरच तो एवढा फायदा पैसे वसूल करतो.

ही कल्पना काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या पॅराशूट सैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडीच्या सायकली बनवल्या होत्या. 1970 च्या दशकात लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी राहत्या फ्लॅटमध्ये एक बनवली, समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी नावाचं चर्च होतं, म्हणून सायकलीचं नाव ब्रॉम्प्टन. ती आज आपल्याकडे लाखाच्या वर जाते, त्यामुळे तिला नमस्कार करून पुढे जाऊ. मला दुकानांत आणि ऑनलाइन ज्या दिसल्या त्या साधारण दहा ते अठरा हजारांच्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय, म्हणजे करासकट 11,200 ची सायकल 10,500 ला मिळायला हवी. नवीन घेणार असाल तर बिलावर टक्का बघा.

मी सेकंडहँड घेतली, 6,500 ला, पिंपरीच्या एका काकांकडून. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली आणि मग गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरलेली. अशा सायकली शहरात भरपूर आहेत. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा तास घालवला. काका कंटाळले, पण वर जाऊन चहा घेऊन आले.

काय बघितलं ते सांगते. सगळ्यात आधी बिजागरी. एक फ्रेमच्या मधोमध असते, दुसरी हँडलच्या दांड्याच्या बुडाशी. सायकल उघडून, खटके लावून, पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि सायकल पुढे-मागे हलवायची, एक हात बिजागरीवर ठेवून. बोटाला "टक टक" लागलं तर बिजागरी ढिली आहे. थोडी ढिलाई खटक्याचा नट आवळून जाते. पण बिजागरीच्या वेल्डिंगपाशी बारीक तडा किंवा रंग फुटून गंजाची रेघ दिसली तर फुकट दिली तरी घेऊ नका. त्या जागेवर तुमचं सगळं वजन असतं. दुसरं, सीटची दांडी. घडीच्या सायकलीला ती खूप लांब असते आणि तिच्यावर एक रेघ कोरलेली असते, ती रेघ कायम नळीच्या आत राहिली पाहिजे. उंच माणसाला बसून बघितल्याशिवाय कळत नाही की ती रेघ बाहेर येतेय.

तिसरं टायर, आणि हे आपल्यासारख्या गावात राहणाऱ्यांना फार महत्त्वाचं. टायरच्या बाजूला आकडा वाचा. 20 × 1.75 असेल तर उत्तम, कारण तो लहान मुलांच्या सायकलींना लागणारा माप आहे, कुठल्याही सायकलच्या दुकानात ट्यूब मिळते. 20 × 1⅜ लिहिलं असेल तर फसू नका, दोन्ही "वीस इंची"च म्हणवतात पण रिम वेगळी, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. 16 इंची वेगळ्या मापाची असेल तर पंक्चरपुरतं ठीक, टायर फाटला की पुण्याला जा. वाल्व मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. माझी 20 × 1.75, मोटरसायकलचा वाल्व, एकच गिअर, वजन 14 किलो. 14 किलो म्हणजे किती? एकदा जिना चढून बघा, मग कळतं.

"छोटं चाक, मग किती पायडल मारावं लागत असेल!" हे आजीपासून सगळ्यांनी म्हटलं. तर दात मोजा. माझ्या सायकलीला पुढे 44 दात, मागे 16. भागिले की 2.75, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाक पावणेतीन वेळा फिरतं. वीस इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणजे एका फेऱ्यात चार मीटरच्या थोडं वर. बाबांच्या जुन्या काळ्या 28 इंचीला पुढे 44, मागे 18, पण चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणून तीच एका फेऱ्यात साडेपाचच्या जवळ जाते. फरक आहे, पण पाय दुप्पट मारावे लागतात असं काही नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तर माझी तासाला पंधरा किलोमीटरने जाते. मंचरला पोचायला वीस-बावीस मिनिटं. रिक्षा भरायलाच तेवढी लागतात.

खरा फरक खड्ड्यात कळतो. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात छोटं चाक आत उतरतं. पहिल्या आठवड्यात माझे दात वाजले. मग टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवायला लागले, बरं वाटलं. फार कमी करू नका, छोट्या चाकाची रिम लगेच जमिनीला लागते. आणि हँडल एका हाताने धरायची सवय सोडा, छोटं चाक पटकन वळतं. कारण मला विचारा. हँडलचा खटका लावला, पण त्यावरची छोटी सेफ्टी पट्टी लावायची विसरले. स्पीडब्रेकरवर खटका उघडला, हँडल माझ्याकडे झुकलं आणि मी थेट कडेच्या गवतात. कोपर सोलटलं. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून उघडल्यावर मी मोठ्याने म्हणते, "मधला, पुढचा, पट्टी, सीट." स्टँडवरची माणसं बघतात. बघू देत.

एसटीचं. नुसती सायकल घेऊन चढलात तर कंडक्टर "उतरा" म्हणणार, आणि त्यांचं चूक नाही, चेनचं ग्रीस कुणाच्या तरी पांढऱ्या पायजम्याला लागतं. आईने जुन्या ताडपत्रीची पिशवी शिवून दिली, बंद असलेली. पिशवीत गेली की ते सामान झालं. पहिल्या दिवशी कंडक्टर काकांनी विचारलं, "शेगडी आहे का गं?" मी म्हटलं सायकल आहे, तर त्यांनी पिशवी उघडून बघितली आणि मग ड्रायव्हरला बोलावून दाखवली! ड्रायव्हरच्या सीटमागे उभी ठेवते, वाट मोकळी राहिली पाहिजे. लगेजचं तिकीट मागितलं तर वाद न घालता काढायचं. गाडी खचाखच भरलेली असेल तर ती सोडून पुढची, म्हणून मी दहा मिनिटं आधी निघते. शहरातल्यांसाठी, पुणे मेट्रोत सायकल नेता येते, तिथे घडीची तर आणखी सोपी.

चढासाठी एक बदल केला. आमच्या पंक्चरवाल्या काकांनी मागचं 16 दातांचं फ्रीव्हील काढून 18 चं टाकलं, साध्या सायकलीला लागतं तेच, 180 रुपयांत. वेग थोडा गेला, गुडघे वाचले. ब्रेक शू, एक टायर, एक ट्यूब, लाइट आणि घंटी धरून वरचा सगळा खर्च 1,150. म्हणजे एकूण 7,650. रिक्षाचे वाचतात त्यात तीन महिन्यांत फिटायला हवी होती, मला साडेतीन लागले. का, ते आता सांगते.

डिसेंबरची गोष्ट. चाकणलाच गाडी उशिरा मिळाली, मंचरला उतरले तेव्हा अंधार पडला होता. लाइट आहे म्हटलं, निघाले. आमच्याकडे तुम्हाला माहितीच आहे, जुन्नर-आंबेगाव म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे बिबट्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि मधोमध चेन पडली. आदल्या रविवारी पंक्चर मीच काढलं होतं आणि मागच्या चाकाचे नट नीट आवळले नव्हते. चाक पुढे सरकलं, चेन ढिली झाली. एक गिअरच्या सायकलीला चेन ताणून धरायला दुसरं काहीच नसतं, फक्त ते दोन नट.

मी खाली बसणारच होते. अगदी गुडघे वाकवले, आणि डोक्यात वनखात्याच्या लोकांनी शाळेत येऊन सांगितलेलं आलं: उसाच्या कडेला वाकू नका, बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसतो. मी ताठ उभी राहिले. मोबाइलवर गाणं लावलं, आवाज पूर्ण, लाइट हातात काढून घेतला आणि सायकल ढकलत चालायला लागले. चेन खरडत होती. दिवा असलेली पहिली वस्ती दहा-बारा मिनिटांवर असेल, मला ती तासाभराची वाटली. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. वस्तीवरच्या आजींनी पाणी दिलं आणि मला नाही, बाबांना फोनवर झापलं.

बाबांनी त्या रात्री सायकल विकायची म्हटलं. दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं ते असं: सकाळी सायकल, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर मंचरला उतरले तर सायकल पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. घडी घातलेली तशीच रिक्षात, नाहीतर बाबा गाडीवर येतात आणि मी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसते. हे साध्या सायकलने जमलं नसतं, ती मंचरलाच राहिली असती आणि सकाळी मी परत रिक्षात. साडेतीन महिने लागले ते या संध्याकाळच्या रिक्षांमुळे.

दुसरं भय आहे ते चाकणात, अवजड ट्रकचं. ट्रकच्या डाव्या बाजूने वळणावर कधी घुसू नका, ड्रायव्हरला घडीची सायकल दिसतच नाही, इतकी ती बुटकी. मी सीटमागे हातभर दांडीवर नारिंगी कापड बांधलंय. आणि गाळपाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रेलरमागे रिफ्लेक्टर असेलच असं धरू नका.

हजेरीचं विचाराल, तर सायकल घेतल्यापासून उशीर एकदा झाला, पंक्चरमुळे. आता पिशवीच्या खिशात पाना, जास्तीची ट्यूब आणि दोन लिव्हर असतात. नट रोज सकाळी बाबा स्वतः आवळून बघतात. मी आवळलेले असले तरी.