ऑनलाईन खेळांचे गिऱ्हाईक का तुटते?

नवे गिऱ्हाईक दुकानात आणण्यास जाहिरात पुरते. तेच गिऱ्हाईक वर्षानुवर्षे येत राहावे यासाठी मात्र जाहिरातीचा उपयोग नसतो. किराणा, कापड आणि हॉटेल या धंद्यांना लागू पडणारी ही गोष्ट इंटरनेटवरील खेळांच्या धंद्यातही तंतोतंत खरी ठरली आहे. वास्तविक या धंद्यात माल सडत नाही, गोदामाचे भाडे नाही, वाहतूक नाही. एकदा तयार केलेला खेळ लाखो लोकांना विकता येतो. तरीही कोट्यवधी डॉलर ओतून उभारलेल्या खेळांकडे काही वर्षांनी खेळाडू पाठ फिरवतात. असे का होते, याचा विचार व्यापाराच्या दृष्टीने करण्यासारखा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पब्जी मोबाईल या खेळावर बंदी घातली. तेथे गिऱ्हाईक सरकारी हुकुमाने तुटले. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो स्वतःच्या मर्जीने, कोणीही न अडवता निघून जाणाऱ्या खेळाडूचा.

आकडे काय सांगतात?

या धंद्यातील सर्वात परिचित उदाहरण म्हणजे ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ. नोव्हेंबर २००४ मध्ये तो बाजारात आला. खेळ विकत घ्यावयाचा आणि शिवाय महिन्याला सुमारे १५ डॉलर वर्गणी भरावयाची, अशी अमेरिकेत त्याची पद्धत होती. हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, राक्षस मारतात, सोने आणि शस्त्रे मिळवतात व त्यांची आपापसात खरेदी-विक्री करतात. ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. तेथून उतरण लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये हा आकडा ५५ लाखांवर आला आणि त्यानंतर कंपनीने वर्गणीदारांची संख्या जाहीर करणेच बंद केले.

मधल्या काळातील एक चढउतार विशेष बोलका आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये खेळाचा नवा भाग विक्रीस आला तेव्हा सोडून गेलेले पुष्कळ खेळाडू परतले आणि संख्या पुन्हा १ कोटीच्या वर गेली. मार्च २०१५ अखेर ती ७१ लाख झाली आणि जूनअखेर ५६ लाख! म्हणजे नव्या मालाने गिऱ्हाईक दुकानात आणले, पण सात-आठ महिनेही धरून ठेवले नाही. केवळ नवा माल नाही म्हणून खेळाडू जातात, हे उत्तर यावरून अपुरे ठरते.

नवलाई ओसरते, हे खरेच

अर्थात नवलाईचा भाग आहेच. जो मजकूर बनवण्यास शेकडो कारागिरांना दोन वर्षे लागतात, तो उत्साही खेळाडू दोन महिन्यांत संपवतो. बनवणाऱ्याचा वेग संपवणाऱ्याच्या वेगाला कधीच गाठू शकत नाही. शिवाय माणसाचे आयुष्य बदलते. २००४ साली कॉलेजात असलेला तरुण पुढे नोकरी, संसार, मुलेबाळे यांत गुंततो. ही गळती नैसर्गिक आहे आणि तिच्यावर कोणत्याही कंपनीजवळ इलाज नाही.

पण सर्वच खेळाडू नवलाईसाठी येत नाहीत. संगणकावरील अशा पहिल्या सामूहिक खेळांपैकी एक खेळ १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केला. त्यात पुढे मोठी भर घालणाऱ्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काहींना पुढचा टप्पा गाठण्याची ओढ असते, काहींना नवे प्रदेश धुंडाळण्याची, काहींना इतरांवर मात करण्याची, तर काहींना फक्त माणसांची सोबत हवी असते. बार्टल यांचा मुद्दा असा की हे चौघे एकमेकांवर अवलंबून आहेत. एका प्रकारचे लोक घटले की त्याचा धक्का दुसऱ्यांना बसतो. बाजारपेठेतील धान्याची दुकाने उठली तर शेजारच्या चहावाल्याचा गल्लाही आटतो, तसाच हा प्रकार.

कमाईची किंमत उतरते

दुसरे कारण महागाईचे आहे. या खेळांतील सोने खाणीतून येत नाही. राक्षस मारला की ते आपोआप निर्माण होते. जितके खेळाडू जितके तास खेळतील तितके नवे चलन बाजारात येते. ते खर्चून नष्ट होण्याचे मार्ग कमी पडले तर भाव चढतात. याचा एक पक्का पुरावा उपलब्ध आहे. एप्रिल २०१५ मध्ये ब्लिझार्डने अमेरिकेत २० डॉलरला एक 'टोकन' विकण्यास सुरुवात केली. ते खेळातील सोन्याच्या मोबदल्यात इतर खेळाडूंना विकता येत असे. पहिल्या दिवशी त्याचा भाव ३० हजार सुवर्णमुद्रा होता. काही वर्षांतच तो एक लाखाच्या पुढे गेला. डॉलर तेवढेच राहिले. सोने मात्र कवडीमोल होत गेले. ज्याने रात्री जागून सोने साठवले होते त्याची शिल्लक बसल्या जागी घटली.

हे कष्ट काल्पनिक असले तरी त्यांत जाणारे तास खरे असतात. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये 'इव्हरक्वेस्ट' या खेळाचा अभ्यास केला. त्यातील वस्तू खेळाबाहेर डॉलरमध्ये विकल्या जात होत्या. त्या भावांवरून त्याने हिशेब मांडला की तेथील खेळाडूची कमाई ताशी सुमारे ३.४२ डॉलर पडते. ज्या कमाईचा असा हिशेब निघतो ती मातीमोल झाल्यास माणूस नाराज होणारच.

अनेकदा ही किंमत कंपनी स्वतःच उतरवते. जानेवारी २००७ मध्ये वॉरक्राफ्टचा पहिला नवा भाग आला आणि खेळाची पातळी ६० वरून ७० वर नेण्यात आली. ज्यांनी चाळीस-चाळीस जणांच्या मोहिमा करून दुर्मिळ शस्त्रे मिळवली होती, त्यांना नव्या प्रदेशातील साधीसुधी शस्त्रेही तुल्यबळ किंवा सरस दिसू लागली. नवा माल खपवण्यासाठी जुना माल निकामी ठरवणे हा तात्पुरत्या नफ्याचा मार्ग आहे. पण त्यातून गिऱ्हाइकाला एक धडा मिळतो. आज कमावलेले उद्या असेच फेकून द्यावे लागणार, असे त्याला उमगले की पुढच्या वेळी तो मन लावून कमवत नाही.

याच कंपनीच्या 'डायब्लो ३' या खेळात २०१२ साली वेगळीच चूक झाली. तेथे खेळातील वस्तूंचा लिलाव ठेवण्यात आला आणि खऱ्या पैशानेही वस्तू विकत मिळू लागल्या. पण राक्षस मारून चांगले शस्त्र सापडण्याची उत्सुकता हाच त्या खेळाचा प्राण होता. तेच शस्त्र लिलावात आयते मिळू लागल्यावर राक्षस मारावेत कशाला? यामुळे खेळाचा गाभाच दुबळा झाला, हे कंपनीने स्वतः मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलाव बंद केला.

सोबती निघून जातात

तथापि सर्वात मोठे कारण माणसांचे आहे. पुष्कळ खेळाडू काही काळानंतर खेळासाठी नव्हे, तर खेळातील मंडळींसाठी येत असतात. या मंडळींच्या जथ्याला तेथे 'गिल्ड' म्हणतात. ठरलेल्या रात्री ठरलेले लोक जमतात, एकमेकांची वाट पाहतात आणि गैरहजर राहणाऱ्याला जाब विचारतात. हे बंधन आहे, पण हेच बंधन माणसाला धरून ठेवते.

२००७ च्या त्याच फेरबदलात मोठ्या मोहिमांची संख्या ४० वरून २५ करण्यात आली आणि सुरुवातीची महत्त्वाची मोहीम तर अवघ्या १० जणांची होती. कंपनीच्या दृष्टीने ही सोय होती. चाळीस माणसे जमवणे कठीणच होते. परंतु ज्या मंडळींनी कष्टाने चाळीस जण बांधले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की पंधरा जणांना बाहेर कसे काढावयाचे? पुढे डिसेंबर २००९ मध्ये अशी सोय आली की बटण दाबताच वेगवेगळ्या सर्व्हरवरील पाच अनोळखी माणसे लहान मोहिमेसाठी आपोआप एकत्र यावीत. वेळ वाचला, पण ओळखीची गरज राहिली नाही. ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही त्याच्याशी सभ्यतेने वागण्याचे कारणही उरले नाही.

येथे कोणी म्हणेल की त्यानंतरही २०१० पर्यंत वर्गणीदार वाढतच होते. ते खरे आहे. मात्र एकूण बेरीज वाढते तेव्हा आतील गळती दिसत नाही. दहा जुने जाऊन पंधरा नवे आले तर वहीत पाचांची वाढ दिसते. नव्यांचा ओघ मंदावला की मगच कळते की जुनी, भरवशाची मंडळी केव्हाच पांगली आहे.

'फार्मव्हिल' या खेळाचेही असेच झाले. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीने तो फेसबुकवर आणला. संगणकावरची शेती, वेळेवर न काढल्यास सुकणारे पीक आणि एकमेकांना मदत करणारे शेजारी, असा तो खेळ. २०१० च्या आरंभी महिन्याला ८ कोटींहून अधिक लोक तो खेळत होते. पण ठरलेल्या तासाला पीक काढावेच लागते म्हटल्यावर करमणुकीची हजेरी झाली. शेजारी येईनासे झाले की मदतही आटली. त्यातच फेसबुकने २०१० मध्ये खेळांच्या सूचनांवर निर्बंध घातल्याने नवे शेजारी मिळणे कठीण झाले. डिसेंबर २०११ मध्ये झिंगाचा शेअर १० डॉलरला बाजारात आला होता. २०१२ संपण्यापूर्वीच तो ३ डॉलरच्या खाली गेला. ३१ डिसेंबर २०२० रोजी मूळ फार्मव्हिल बंद झाले.

मालकावरचा भरवसा

व्यापाऱ्यांनी सर्वात लक्ष देण्यासारखे उदाहरण म्हणजे सोनी कंपनीचा २००३ सालचा 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा खेळ. त्यात तीसहून अधिक व्यवसाय होते. शस्त्रे, कपडे, घरे असा बहुतेक माल खेळाडूच बनवत आणि खेळाडूच विकत. लढाईत रस नसलेला माणूसही तेथे दुकान थाटून, गिऱ्हाईक जोडून, नाव कमावून राहू शकत असे. परंतु याहून सोपा आणि लढाईप्रधान खेळ अधिक खपेल, असे कंपनीला वाटले. नोव्हेंबर २००५ मध्ये, पुरेशी पूर्वसूचना न देता, हे सर्व व्यवसाय मोडून फक्त ९ ठेवण्यात आले. नुकताच विकत घेतलेल्या नव्या भागाचे पैसे परत देण्याची पाळी कंपनीवर आली. जुने खेळाडू मोठ्या संख्येने निघून गेले आणि ज्या नव्यांसाठी हा खटाटोप केला ते अपेक्षेप्रमाणे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंद झाला. तेथील घरे, दुकाने, माल, सर्व काही सर्व्हरबरोबर गेले. खेळाडूचे म्हणून जे काही होते ते कायद्याने कंपनीचेच होते.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाईन' हा खेळ २००३ पासून चालू आहे. तेथे बहुतेक जहाजे खेळाडूच बांधतात आणि लढाईत बुडालेले जहाज कायमचे जाते. त्यामुळे जहाजे बांधणाऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक कायम राहते. २००७ मध्ये कंपनीने खेळातील बाजारावर लक्ष ठेवण्यासाठी एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. या कंपनीनेही २०११ मध्ये पैसे घेऊन महागड्या शोभेच्या वस्तू विकण्याचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी खेळातच निदर्शने केली. कंपनीने खेळाडूंच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींना आइसलँडला बोलावून चर्चा केली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तिच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. नाराज गिऱ्हाइकाशी बोलणी झाली म्हणून दुकान वाचले.

आपल्यासाठी बोध

या सर्वांतून निष्कर्ष निघतो तो असा. खेळाडू कंटाळतो असे आपण म्हणतो, पण कंटाळा हे अनेकदा शेवटचे लक्षण असते. त्याआधी त्याच्या कमाईची किंमत गेलेली असते, त्याची माणसे पांगलेली असतात किंवा मालकाच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझार्डने वॉरक्राफ्टची जुनी, गैरसोयीची आवृत्ती पुन्हा सुरू केली तेव्हा तेथे शिरण्यासाठी खेळाडूंच्या रांगा लागल्या. त्या आवृत्तीत नवलाई कोणतीच नव्हती, पण मोहिमेला पुन्हा चाळीस माणसे लागत होती.

ज्यांची मुले या खेळांवर पैसे खर्च करतात त्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथे घेतलेली वस्तू ही मालमत्ता नसते. सर्व्हर चालू असेपर्यंतच ती वापरता येते. आणि जे व्यापारी आज स्वतःचा माल दुसऱ्याच्या ऑनलाईन बाजारपेठेत विकतात, त्यांनी झिंगाचा अनुभव विसरू नये. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान कितीही चालले तरी ओट्याचे नियम ओट्याचा मालक ठरवतो. म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि फोन आपल्या स्वतःच्या वहीत असावा. नव्या गिऱ्हाइकासाठी सवलत जाहीर करण्यापूर्वी दहा वर्षांच्या जुन्या गिऱ्हाइकाचे त्यात नुकसान तर होत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. महिन्याचा हिशेब लिहिताना किती नवे आले यासोबत किती जुने आले नाहीत, हाही एक रकाना ठेवावा.